आभासी शेअर ट्रेडिंगची स्पर्धा घ्या, पण पहिला नंबर नफ्याला देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागातल्या प्राध्यापिका उद्योजकता विकास कक्षातर्फे आभासी शेअर ट्रेडिंगची स्पर्धा घ्यायचं ठरवताहेत. तिघांचा एक असे 60 संघ, प्रत्येकाला 10 लाखांचं खोटं भांडवल, मोबाइल ॲपवर चालू बाजारभावाने खरेदी-विक्री, मुदत दोन आठवडे. ज्याचा नफा सर्वांत जास्त, त्याला 11 हजार रोख. एक ब्रोकर प्रायोजक व्हायला तयार आहे. त्या विचारतात, यातून मुलांमध्ये खरोखर उद्योजकीय कौशल्यं येतात का, आणि आखणीत काय बदलावं?

मॅडम, स्पर्धा जरूर घ्या. फक्त तुमच्या आराखड्यातून चार गोष्टी काढा: चालू भाव, दोन आठवड्यांची मुदत, रोख बक्षीस आणि सर्वाधिक नफ्याला पहिला नंबर. प्रायोजकाबद्दल पुढे बोलतो. मी आधी ब्रोकरच्या ऑफिसात डीलर होतो, आता महाविद्यालयांना अशा स्पर्धा आखून देतो. तेव्हा हे सगळं बाजारातून आलेल्या माणसाचं मत समजा, शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथेच तुमचा आराखडा अडतो. शेअरबाजाराशी निगडित लीग आणि बक्षिसांच्या स्पर्धांबद्दल सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, 2016 मध्येच लोकांना सावध केलं होतं. 24 मे 2024 च्या परिपत्रकाने एक्सचेंज आणि ब्रोकर यांना सांगितलं की चालू भावाचा डेटा गेमिंग आणि आभासी ट्रेडिंगवाल्यांना द्यायचा नाही. शिक्षणासाठी द्यायचा तर किमान एक दिवस जुना द्यायचा, आणि त्यात पैशाचं आमिष नको. नोव्हेंबर 2024 मध्ये सेबीने पुन्हा जाहीर इशारा दिला: सूचिबद्ध कंपन्यांच्या भावांवर आभासी ट्रेडिंग किंवा फँटसी गेम चालवणाऱ्या अनधिकृत मंचांपासून लांब राहा. आणि 29 जानेवारी 2025 च्या परिपत्रकात शिक्षण कशाला म्हणायचं तेही स्पष्ट केलं. गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरचं नाव घेऊन बोललात, तर ते नुसतं शिक्षण धरलं जाणार नाही, असं त्यात म्हटलं होतं.

या परिपत्रकांचा थेट रोख सेबीकडे नोंदणी असलेल्या संस्थांवर आहे, महाविद्यालयावर नाही. पण तुमचा प्रायोजक ब्रोकर नोंदणीकृतच आहे ना? तो सापडला की तुमचं नाव आपोआप येणार. प्ले स्टोअरवर अशी ॲप दिसतात म्हणून ती नियमात बसतात असं समजू नका. हे नियम बदलतही असतात, त्यामुळे स्पर्धेची तारीख छापायच्या आधी सेबीच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती एकदा बघून घ्या. माझा स्वतःचा मार्ग सोपा आहे. मी वर्षानुवर्षं जुने भाव वापरतो, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. आणि खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मी जुनेच भाव वापरले असते. का, ते पुढे येईल.

आता नफ्याच्या नंबराबद्दल.

60 संघांच्या हातात एकेक नाणं द्या. सहा वेळा उडवायचं. सहाच्या सहा छापे पडण्याची शक्यता 64 त 1. म्हणजे 60 संघांत तसा एखादा निघण्याचा संभव न निघण्यापेक्षा जास्तच. त्या संघाला स्टेजवर बोलावून ‘तुमची स्ट्रॅटेजी सांगा’ म्हटलं, तर ती मुलं प्रामाणिकपणे पाच मिनिटं स्ट्रॅटेजी सांगतील, आणि सभागृहातली बाकीची पावणेदोनशे मुलं ती वहीत उतरवून घेतील. दोन आठवड्यांच्या स्पर्धेत नेमकं हेच होतं. दहा दिवसांत कुठल्याही कंपनीच्या धंद्यात काही फरक पडत नाही, भाव मात्र हलतो. मग पहिला कोण येतो? ज्याने सगळे 10 लाख एकाच लहान, उड्या मारणाऱ्या शेअरमध्ये घातले आणि ज्याचा शेअर योगायोगाने वर गेला, तो. त्याच पद्धतीने खेळलेले आणखी आठ संघ तळाला असतात. त्यांना कोणी स्टेजवर बोलावत नाही.

दुसरी खोड शेवटच्या तीन दिवसांत दिसते. तेविसाव्या नंबरावरच्या संघाला तेविसाव्यावरून चाळिसाव्यावर घसरण्याचं काहीच भय नसतं, आणि पहिल्यावर पोचलं तर 11 हजार. मग तो जुगार खेळणार नाही तर काय करणार? मुलं मूर्ख नसतात. तुम्ही जे बक्षीस लावता, त्याला साजेसं ती अगदी शहाण्यासारखं वागतात. दोष आखणीचा असतो. खऱ्या धंद्यात तेविसाव्या नंबरावर राहून वीस वर्षं दुकान चालवणारा माणूस यशस्वी म्हटला जातो, आणि पहिल्या नंबरासाठी घर गहाण टाकणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात.

परदेशात हे खेळ फार आधीपासून चालू आहेत. अमेरिकेत ‘स्टॉक मार्केट गेम’ 1977 पासून शाळांत खेळला जातो. त्याला जोडून ‘इन्व्हेस्टराइट’ ही निबंधस्पर्धा सुरू झाली, त्यात मुलांनी आपला विचार लिहून मांडायचा असतो. जर्मनीत तिथल्या बचत बँका 1983 पासून ‘प्लानश्पील ब्योर्से’ घेतात, आणि तिथे नफ्याच्या क्रमवारीशिवाय शाश्वत गुंतवणुकीची वेगळी क्रमवारी लावतात. म्हणजे नफ्याचा एकच आकडा पुरत नाही, हे त्यांनाही उमगलेलं दिसतं.

मी 100 गुण असे वाटतो: 40 निर्णयाच्या नोंदींना (का घेतलं, का विकलं ते संघाने दर फेरीला वहीत लिहायचं), 20 जोखीम सांभाळण्याला, 20 शेवटच्या सादरीकरणाला आणि उरलेले 20 परताव्याला. परताव्याचे गुणही क्रमांकाने देत नाही. निर्देशांकापेक्षा बरं केलं तर 20, निर्देशांकाच्या आसपास असाल तर 15, खाली असाल तर 10. निर्देशांकाच्या दुप्पट कमावलं तरी 20 च. जुगाराची हौस इथेच निम्मी उतरते.

जोखमीचं मोजमाप मुलांना फळ्यावर करून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. समजा पहिल्या संघाचा पोर्टफोलिओ फेरीगणिक असा गेला: 100, 108, 121, 97, 110. दुसऱ्याचा: 100, 103, 104, 99, 106. नफा पहिल्याचा 10 टक्के, दुसऱ्याचा 6. पण पहिला 121 वरून 97 वर आला, म्हणजे शिखरापासून जवळजवळ 20 टक्के खाली. दुसरा 104 वरून 99 वर, म्हणजे 5 टक्क्यांच्या आत. आता वर्गाला विचारा: तुमच्या मामाचे 5 लाख असते, तर कुठल्या संघाकडे दिले असते? आणि मधल्या त्या फेरीत मामाचा फोन आला असता, तर पहिल्या संघाने काय सांगितलं असतं? पहिला प्रश्न गणिताचा आहे. दुसऱ्यावर वर्ग शांत होतो, आणि उद्योजकतेशी संबंध त्या दुसऱ्याचाच आहे. 50 टक्के बुडाले की मूळ जागी यायला 100 टक्के कमवावे लागतात, हेही त्याच फळ्यावर लिहून टाका.

आता जुने भाव वापरून स्पर्धा कशी करायची, ते जरा तपशिलात सांगतो, कारण सगळी मेहनत इथे आहे.

काळ निवडा ऑक्टोबर 2007 ते मे 2009. तुमची मुलं तेव्हा जन्मलेली असली तरी बालवाडीत होती, त्यामुळे त्यांना शेवट पाठ नसतो. 2020 घेतलं तर कोरोना सगळ्यांना आठवतो, आणि दुसऱ्याच फेरीत पोरं सगळं विकून मोकळी होतात. सेन्सेक्स 8 जानेवारी 2008 ला 20,873 वर बंद झाला आणि 9 मार्च 2009 ला 8,160 वर. साठ टक्क्यांची पडझड. मधे सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली. आणि लोकसभेचा निकाल लागल्यावर 18 मे 2009 ला बाजार उघडताच वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या मर्यादेला लागला. एका दिवसात सेन्सेक्स 17 टक्क्यांनी वर गेला, आणि ज्याच्या हातात शेअर नव्हते त्याला घ्यायला वेळच मिळाला नाही. या वीस महिन्यांत बाजाराचे सगळे स्वभाव दिसतात. दोन-दोन महिन्यांच्या दहा फेऱ्या करा. आठवड्याला एक फेरी, एका तासिकेत बसते.

भाव एक्सचेंजच्या संकेतस्थळावर भावकॉपीत, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलीत मिळतात, फुकट. पंधरा-वीस कंपन्या घ्या: दोन बँका, एक-दोन आयटी, वाहन, औषध, साबण-तेलवाली एखादी, सिमेंट, वीज, बांधकाम. कंपन्यांची नावं काढून क-1, क-2 असे क्रमांक द्या आणि तारखाही लपवा. प्रत्येक शेअरचा पहिला भाव 100 धरून पुढचे भाव त्या प्रमाणात बसवा, निर्देशांकाचेही. यात एक फायदा असा की ‘स्वस्त शेअर’ हा भ्रम तिथेच मरतो. मुलांना 12 रुपयांचा शेअर स्वस्त आणि 1,200 चा महाग वाटतो. एमआरएफचा भाव जून 2023 मध्ये 1 लाखाच्या वर गेला तेव्हा ‘सर्वांत मोठी कंपनी’ म्हणून तो फॉरवर्ड घरोघरी फिरला. एमआरएफचे एकूण शेअरच साधारण 42 लाख आहेत, म्हणजे पूर्ण कंपनीची किंमत झाली 42 हजार कोटींच्या आसपास. त्याच वेळी साडेचारशे रुपयांच्या घरात असलेल्या आयटीसीचे शेअर हजार कोटींहून जास्त, आणि कंपनीची किंमत 5 लाख कोटींच्या पुढे. हा हिशेब सुरुवातीच्या तासातच करून घ्या.

भावकॉपीत एक सापळा असतो. तिथले भाव विभाजन किंवा बोनस धरून दुरुस्त केलेले नसतात. पुण्याच्या सुझलॉनने जानेवारी 2008 मध्ये 10 रुपये दर्शनी मूल्याचा शेअर 2 रुपयांचा केला, म्हणजे एकाचे पाच झाले. भावकॉपीत भाव एका दिवसात पाचव्या हिश्शावर आलेला दिसतो. हे दुरुस्त न करता फेरीचं भावपत्रक दिलंत, तर ज्या संघाकडे तो शेअर असेल तो बिचारा 80 टक्के नुकसान मांडून बसेल. पत्रक तयार झालं की एका फेरीत 30 टक्क्यांहून जास्त पडलेला प्रत्येक भाव हाताने तपासा: पडला, की फक्त तुकडे झाले?

प्रत्येक फेरीला भावाबरोबर एका पानाची माहिती द्या. कंपनी काय करते, विक्री, नफा, कर्ज आणि त्या काळात जाहीर झालेल्या दोन-तीन घडामोडी. नंतर काय झालं याचा सुगावा लागेल असा शब्द त्यात येऊ देऊ नका. हे लिहायला वेळ लागतो, पण एकदा केलं की चार वर्षं वापरता येतं.

आता सुझलॉनच घ्या, कारण उद्योजकता शिकवायला यासारखी कंपनी मिळणार नाही. मुलांसमोर ती ‘क-7, पवनचक्क्या बनवणारी कंपनी’ एवढीच असते. पहिल्या फेरीच्या पानावर दिसतं: मागणी जोरात, परदेशी ऑर्डरी, त्याच वर्षी जर्मनीतली एक मोठी कंपनी ताब्यात घेण्याची चढाओढ जिंकली, त्यासाठी कर्ज. तिसऱ्या फेरीत: अमेरिकेत बसवलेल्या चक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याच्या तक्रारी, दुरुस्तीचा खर्च कंपनीवर. संघांच्या वहीत दोन तऱ्हेच्या नोंदी सापडतात. एक अशी: ‘क-7 घेतला, ग्रोथ चांगली आहे, फ्युचर पवनऊर्जेचं आहे.’ दुसरी अशी: ‘क-7 दहा टक्केच घेतो. ऑर्डरी आहेत, पण कर्ज विक्रीपेक्षा वेगाने वाढतंय. पुढच्या फेरीत कर्ज आणखी वाढलं किंवा एखादं मोठं गिऱ्हाईक तुटलं तर विकू.’ पहिल्या नोंदीला मी 4 पैकी 1 देतो, दुसरीला 4. पुढे भाव वर गेला की खाली, याचा गुणांशी संबंध नाही. भाव कळायच्या आधीच वही गोळा करायची, ही अट मात्र पक्की ठेवा.

शेवटी नावं उघड केली की क-7 ची पूर्ण गोष्ट सांगा. तुलसी तांती यांचा मुळात कापडाचा धंदा. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी आपल्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या, आणि मग 1995 मध्ये चक्क्याच बनवायची कंपनी काढली. तुमच्या वर्गात विट्याच्या यंत्रमागवाल्यांची मुलं असतील. विजेच्या बिलावरून एवढा धंदा उभा राहू शकतो, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि तीच कंपनी ऑक्टोबर 2012 मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर फेडू शकली नाही. कल्पना चांगली, माल खपतोय, तरी कर्जाने गळा धरला. हे धडा म्हणून सांगितलं तर मुलं ऐकून सोडून देतात. पण क-7 मध्ये स्वतःचे आभासी का होईना पैसे गेले असतील, तर तीच मुलं कर्ज नेमकं कधी वाढलं ते पान उलटून शोधतात.

आठवी फेरी जरा वेगळी घ्या. त्यात सत्यम ही आयटी कंपनी आहे. ती फेरी मधेच थांबवून बातमीचा कागद वाटा: 16 डिसेंबर 2008 ला कंपनीने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव केला आणि गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे लगेच मागे घेतला. तारीख अर्थातच कागदावर लिहायची नाही. दहा मिनिटं द्या. विकायचं की ठेवायचं? बहुतेक संघ ‘ठेवू’ म्हणतात, कारण ताळेबंदात 5 हजार कोटींहून जास्त रोकड दिसते, लेखापरीक्षक नामांकित, आणि त्याच वर्षी उत्तम कारभाराचं पारितोषिकही मिळालेलं. मग पुढचा कागद येतो: 7 जानेवारी 2009. अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकातल्या 5,361 कोटींच्या रोकडीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. इथे मुलं भांडायला येतात, ‘सर, हे आम्हाला कसं कळणार होतं?’ बरोबर आहे, नव्हतंच कळणार. म्हणूनच नियम ठेवायचा की एका कंपनीत पाचव्या हिश्शाच्या वर पैसे नाहीत. हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना जाचक वाटतो. आठव्या फेरीनंतर त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

तुमचा मूळ प्रश्न कौशल्यांचा होता. स्पष्ट बोलतो. शेअरची खरेदी-विक्री म्हणजे उद्योजकता नव्हे. उद्योजकाला गिऱ्हाईक शोधावं लागतं, माल उचलला जात नाही तेव्हा काय करायचं ते बघावं लागतं, उधारी वसूल करावी लागते, शनिवारी कामगारांचे पगार करावे लागतात. यातलं एकही काम मोबाइलवर ‘बाय’ दाबून शिकता येत नाही. पण अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, किती नुकसान सोसायचं ते आधी ठरवणं, आणि दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब तोंडावर देणं, एवढं या खेळात शिकवता येतं. शिकवलं तर. नुसतं ॲप दिलं तर तेही नाही.

त्यासाठी संघातल्या तिघांना कामं वाटून द्या आणि दर फेरीला बदला. एक कंपनीची माहिती वाचेल. दुसरा रोकड आणि हिशेब सांभाळेल. तिसऱ्याचं काम विरोध करणं, म्हणजे प्रत्येक खरेदीविरुद्ध एक कारण लिहून सही करणं. आपल्याकडे मुलांना मित्राच्या तोंडावर ‘तुझं चुकतंय’ म्हणायचं जमत नाही. ते काम म्हणून सोपवलं की जमतं. शिवाय प्रत्येक संघाला प्रथम वर्षाची पाच मुलं ‘भागधारक’ म्हणून जोडा. पाचव्या आणि दहाव्या फेरीनंतर पंधरा मिनिटांची सभा. बाजार पडलेला असतो, पोर्टफोलिओ लाल असतो, आणि समोरची पाच ज्युनियर पोरं विचारतात, ‘दादा, आमचे पैसे कुठे गेले?’ दहा फेऱ्यांत जेवढं शिकणं होत नाही तेवढं या पंधरा मिनिटांत होतं. सादरीकरणाचे 20 गुण मी या सभेवरच देतो, पॉवरपॉइंटवर नाही.

एक जोड द्यावीशी वाटते, तुमचा जिल्हा बघून. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात ती मर्यादित प्रमाणात शिथिल झाली. तेवढ्यात सूचिबद्ध साखर कंपन्यांचे शेअर चांगलेच गडगडले होते. हा प्रसंग एका तासाचा स्वतंत्र सराव म्हणून घ्या. ऊस घालणाऱ्या घरातली मुलं, जी एरवी शेवटच्या बाकावर असतात, ती विचारू लागतात: ही कंपनी रसापासून करते की बी-हेवी मळीपासून? डिस्टिलरी किती मोठी? गाळप सुरू झालंय ना? हे प्रश्न मुंबईतल्या विश्लेषकालाही विचारावेच लागतात, आणि तुमच्या मुलांना त्यांची उत्तरं घरात बसून माहीत असतात. आजोबांकडे सहकारी कारखान्याचा शेअर असतोच, तोही चर्चेला घ्या. तिथे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. मालकी म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण तुम्हाला मिळणार नाही.

व्यवहाराचे नियम फार नकोत. फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे वायद्याचे सौदे नाहीत, उधारीवर खरेदी नाही, ऑर्डर चालू फेरीत दिली की सौदा पुढच्या पत्रकातल्या पहिल्या भावाने होईल. खर्च मात्र लावाच. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात येतो अशा सौद्यावर सध्या घेताना आणि विकताना दोन्हीकडे 0.1 टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहाराचा कर लागतो, वर मुद्रांक शुल्क, ब्रोकरेज, त्यावर जीएसटी. 1 लाख रुपये 20 वेळा घेऊन-विकून फिरवले, तर नुसता एसटीटीच 4 हजारांच्या घरात जातो, म्हणजे मुद्दलाच्या 4 टक्के. मी सोयीसाठी दोन्ही बाजूंना पाव टक्का सरसकट धरतो. शेवटी प्रत्येक संघाने एकूण खर्च किती झाला ते वेगळं लिहायचं. भांडवलही 10 लाख नको, 50 हजार द्या. 10 लाख हा आकडा विद्यार्थ्याला खेळण्यातला वाटतो. 50 हजार त्याने मोजलेले असतात, निदान घरच्या दिवाळीच्या खरेदीत तरी.

प्रायोजक ब्रोकरला नम्रपणे नकार द्या. त्याच्या दृष्टीने तुमचं सभागृह म्हणजे 180 डीमॅट खाती. बक्षीस समारंभात बाहेर टेबल मांडून आधार-पॅन घेणारे प्रतिनिधी मी बघितले आहेत. आणि आभासी स्पर्धेत 30 टक्के कमावलेला एकोणीस वर्षांचा मुलगा त्या टेबलापाशी सगळ्यात आधी जातो. पुढे काय होतं याचे आकडे सेबीनेच काढलेत. शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या 1 कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. इंट्राडेमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्यात, आर्थिक वर्ष 2023 मध्ये दहापैकी सातजण तोट्यात, तिशीच्या आतल्यांमध्ये 76 टक्के. आणि इंट्राडे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचा वाटा चार वर्षांत 18 टक्क्यांवरून 48 वर गेला. हे आकडे समारोपाच्या भाषणात नको, पहिल्या तासाला फळ्यावर लिहा. खर्चासाठी 11 हजारांचीही गरज नाही. झेरॉक्स आणि चहा, एवढंच. बक्षीस द्यायचंच तर पुस्तकं द्या, किंवा रसायनीजवळच्या पाताळगंगा इथे एनआयएसएमचं, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचं संकुल आहे, तिथे आधी विचारून विजेत्या संघांना भेटीला न्या.

परीक्षक बाजारातले नकोत. मला बोलावलंत तर येईन, पण गुण द्यायला नाही. गावातली एखादी सीए, बँकेचा कर्जविभाग सांभाळलेला निवृत्त अधिकारी आणि एखादा कारखानदार, अशी तिघं बसवा. कर्जवाल्या अधिकाऱ्याला नोंदवही वाचायला द्या. दुसऱ्याच्या धंद्याकडे संशयाने बघण्यात त्याचं आयुष्य गेलेलं असतं, आणि मुलांना नेमकी तीच नजर मिळत नाही.

पहिल्या वर्षी 60 संघ घेऊ नका. 12 घ्या. दर आठवड्याला 12 वह्या वाचून होतात, 60 होत नाहीत, आणि वह्या न वाचता गुण दिले तर मुलांना दुसऱ्याच फेरीत कळतं. दहा फेऱ्या, एक सुरुवातीचा तास, दोन सभा आणि शेवटी नावं उघड करण्याचा तास, म्हणजे एक सत्र पुरतं. जूनमध्ये पत्रकं तयार करायला बसलात तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहिली फेरी सुरू करता येईल. भावकॉपीतल्या दुरुस्त्या एकट्याने करू नका. तृतीय वर्षाची दोन मुलं हाताशी घ्या, त्यांना स्पर्धेत उतरता येणार नाही हे आधीच सांगा, आणि नावांची किल्ली असलेली एक्सेलची फाइल विभागाच्या संगणकावर नको, स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा.